जुन्या बसगाड्यांची चाके : टायरवरील आकड्यांचे वाचन

इंदूर शहराचा जो भाग आजही ‘जुनी इंदूर’ या नावाने ओळखला जातो, तो कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या परिसरात वसलेला आहे. राव नंदलाल मंडलोई यांच्या जमीनदारीच्या काळात ही वस्ती व्यापारपेठ म्हणून नावारूपास आली. पुढे नदीपलीकडे होळकरांचा राजवाडा उभा राहिला आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे या शहरात कायमची रुजली. मुंबई-आग्रा रस्ता याच शहरातून जातो. महाराष्ट्रातून शिरपूर, सेंधवा या मार्गाने येणाऱ्या बसगाड्यांच्या पिढ्यान् पिढ्या या रस्त्याने पाहिल्या आहेत. संविधान सभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे या मराठी कार्यकर्त्याचे नाव शहरातील बसस्थानकास दिलेले आहे, ही गोष्ट इंदूरबाहेरील मराठी वाचकास बहुधा ठाऊक नसते.

महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युसेनबर्ग मोटार जगभरच्या संग्राहकांच्या चर्चेचा विषय आहे. परंतु त्याच रस्त्यांवरून हजारो सामान्य माणसांना ने-आण करणाऱ्या बसगाड्यांपैकी फारच थोड्या जपल्या गेल्या. बस मोडीत निघाली की तिचा पत्रा, आसने आणि इंजिन यांची वाटणी लवकर होते. चाक मात्र मागे उरते. ते पाण्याच्या टँकरला लागते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागते, कधी बैलगाडीलाही लागते. हवेच्या टायरांच्या बैलगाडीला महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात ‘डनलॉप’ असेच म्हणतात. कंपनीचे नाव गाडीचे नाव होऊन बसले. अशा रीतीने जुन्या लोखंडाच्या बाजारातून बसचे चाक खेड्यात येते, आणि त्याबरोबर त्यावरील आकडेही येतात. हे आकडे चुकीचे वाचले गेले तर केवळ पैसा वाया जातो असे नाही. हवा भरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. जुनी बस जपू पाहणारी संस्था, आगारातील कर्मचारी, तंत्रशाळेतील शिक्षक आणि ट्रॉलीचा मालक या सर्वांना या आकड्यांची भाषा अवगत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

एकाच रिमची चार नावे

बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तथापि जड वाहनांना हवेचा टायर लगेच मिळाला नाही. लंडनच्या बसगाड्या १९२० नंतरही काही वर्षे भरीव रबराच्या चाकांवर धावत होत्या. मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली, तो काळ या स्थित्यंतराचा होता.

त्या काळच्या हवेच्या टायरवर ३२×६, ३४×७, ३६×८ अशी अक्षरे असत. यातील पहिला आकडा संपूर्ण टायरच्या बाहेरील व्यासाचा व दुसरा टायरच्या जाडीचा असून दोन्ही इंचांत आहेत. रिमचा व्यास मात्र कोठेही लिहिलेला नसे. तो काढावा लागे. बाहेरील व्यासातून जाडीची दुप्पट वजा केली की रिम मिळते. ३२ मधून १२ वजा केले तर २०. ३४ मधून १४ वजा केले तरी २०. ३६ मधून १६ वजा केले तरीही २०. ३०×५ या टायरचेही उत्तर तेच येते. म्हणजे चार निरनिराळी नावे दिसत असली तरी चारही टायर वीस इंची रिमचे आहेत. (रिमची रुंदी मात्र चौघांची सारखी नसते.) उलटपक्षी ४०×८ हा ३६×८ चा थोरला भाऊ वाटतो, पण त्याची रिम चोवीस इंची असते. पाचवी-सहावीच्या वर्गात वजाबाकी व गुणाकार यांचे एकत्र उदाहरण म्हणून हे गणित घालण्यास हरकत नाही.

पुढे ही पद्धत मागे पडली आणि टायरची रुंदी व रिमचा व्यास लिहिण्याची रीत आली : ७.००-२०, ७.५०-२०, ८.२५-२०, ९.००-२०, १०.००-२०. येथे पहिला आकडा रुंदीचा व दुसरा रिमचा. दोन्ही इंचांतच आहेत. संक्रमणाच्या काळात अनेक टायरांवर दोन्ही नावे छापली जात. ३२×६ च्या जोडीला ७.००-२० आणि ३४×७ च्या जोडीला ७.५०-२० असे लिहिलेले टायर जुन्या गाड्यांवर आढळतात.

पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ती बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची व तीस आसनांची होती. अशा पिढीतील एखादी गाडी आज सापडली, तर तिच्या जुन्या कागदपत्रांत एक नाव, टायरवर दुसरे आणि दुकानदाराच्या तोंडी तिसरे असा प्रकार संभवतो. तिन्ही नावे एकाच चाकाची असू शकतात. तशी ती नसूही शकतात, म्हणूनच गणित हाताशी असावे.

नाव तेच, देह वेगळा

या आकड्यांवर अक्षरशः विश्वास ठेवता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ३४×७ या नावाप्रमाणे टायरचा व्यास ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असावयास हवा. प्रत्यक्षात त्याच्याशी जोडल्या गेलेल्या ७.५०-२० टायरचा व्यास सुमारे ९३ सेंटिमीटर भरतो. ९.००-२० ची रुंदी नावाप्रमाणे २२९ मिलिमीटर हवी. मोजल्यास ती २६० मिलिमीटरच्या आसपास येते. भार वाढत गेला, रिम रुंद होत गेल्या, टायर फुगत गेला, पण नाव बदलले नाही. धान्य मोजण्याची पायली जशी गावोगाव निरनिराळ्या मापाची असे, तसेच काहीसे हे आहे. नाव हे ओळखीपुरते समजावे आणि प्रत्यक्ष माप उत्पादकाच्या तक्त्यातून किंवा फितीने घ्यावे.

दुसरा घोटाळा पहिल्या आकड्याच्या सारखेपणामुळे होतो. ७.५०-१६ हा टायर लहान मालमोटारींना व ट्रॉलींना सर्रास लागतो. ‘साडेसातचा टायर’ एवढेच मागितले तर दुकानदार तोच काढून देणार. जुन्या बसला हवा असलेला ७.५०-२० हा त्याहून चार इंच मोठ्या रिमचा आहे. टायर मागताना म्हणून दोन्ही आकडे सांगावेत.

आधुनिक टायरची भाषा

आजच्या बसवर २९५/८० आर २२.५ यासारखे लिखाण दिसते. (टायरवर ही अक्षरे व अंक रोमन लिपीत असतात.) २९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८० आहे. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे द्योतक आहे आणि २२.५ हा रिमचा व्यास इंचांत दिलेला आहे. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्केवारी व इंच एकत्र नांदतात. हे शास्त्रशुद्ध आहे असे कोणी म्हणणार नाही, पण जगभर हेच चालते.

व्यास काढावयाचा तर : २९५ चे ८० टक्के म्हणजे २३६ मिलिमीटर, वरची व खालची भिंत मिळून ४७२, रिमचे २२.५ इंच म्हणजे ५७१.५ मिलिमीटर, एकूण १,०४३.५ मिलिमीटर. जुन्या १०.००-२० टायरचा व्यास सुमारे १,०५५ मिलिमीटर असतो. दोहोंत फरक थोडाच आहे. जुन्या टायरवर टक्केवारी का नसे, याचेही उत्तर याच गणितातून मिळते. १,०५५ मधून रिमचे ५०८ वजा करून निम्मे केले तर भिंतीची उंची सुमारे २७३ येते व त्या टायरची खरी रुंदी सुमारे २७८ असते. उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच असल्यामुळे निराळे प्रमाण लिहिण्याची गरज कोणास वाटली नाही.

रेडियल बांधणीचे पेटंट फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये घेतले. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व त्यांवर पट्टे असतात. भारतात बस-ट्रकांमध्ये या बांधणीचा प्रसार मोटारींच्या मानाने पुष्कळ उशिरा झाला. दोन्ही जातींचे टायर भाराखाली निरनिराळ्या प्रकारे दबतात, यास्तव एकाच आसावर एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस तिरक्या धाग्यांचा टायर कदापि लावू नये.

वीस आणि साडेबावीस

जुन्या बसची रिम वीस इंची व नव्या बसची साडेबावीस इंची असताना दोन्ही चाके बाहेरून एवढी सारखी कशी दिसतात, असा प्रश्न विचारला जातो. याचे कारण रिमच्या काठात आहे. वीस इंची रिमचा काठ सुमारे दीड इंच उंच असतो, तर साडेबावीस इंची रिमचा काठ जेमतेम अर्धा इंच. काठासह मोजले तर एक तेवीस व दुसरी साडेतेवीस इंच भरते. जुनी रिम सपाट तळाची असून टायर बसविल्यावर तिच्या एका बाजूस लोखंडी रिंग लावून तो अडकवितात. आत ट्यूब व ट्यूबखाली फ्लॅप असतो. नवी रिम एकसंध असते. तिच्या मध्यभागी खोलगट घळ असते व टायरची कड बसण्याची जागा १५ अंशांनी उतरती असते. तीत ट्यूब नसते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. वीस इंची रिमवर साडेबावीसचा टायर, किंवा साडेबावीसच्या रिमवर वीसचा टायर, कोणत्याही युक्तीने बसवावयाचा नाही. बदल करावयाचाच असेल तर रिम व टायर मिळून पूर्ण चाक बदलावे. त्यासाठी ढोबळ जोड्या अशा आहेत : ८.२५-२० च्या जागी ९ आर २२.५, ९.००-२० च्या जागी १० आर २२.५, १०.००-२० च्या जागी ११ आर २२.५. नव्या टायरचा पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून तो मोठा टायर आहे असे समजू नये.

पूर्ण चाक बदलताना नटांची भोके जुळली पाहिजेत. आजच्या पुष्कळशा जड वाहनांच्या चाकांना दहा भोके असून ती ३३५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. जुन्या ब्रिटिश मापातील १३ पूर्णांक ३/१६ इंच म्हणजे हेच वर्तुळ. आठ भोकांच्या चाकांत २७५ मिलिमीटरचे वर्तुळ आढळते. जुन्या अमेरिकी धर्तीच्या दहा भोकांच्या चाकांत ते सव्वाअकरा इंच, म्हणजे सुमारे २८६ मिलिमीटर असते. दहाला दहा भोके मोजून चाक विकत घेणाऱ्याची येथे फसगत होते. भोकांची संख्या जुळली तरी वर्तुळ जुळत नाही. मागील आसावरील जोडटायरांच्या भिंतींमध्ये भाराखालीही पुरेशी फट राहते की नाही, हेही पाहावे लागते. टायर एकमेकांना घासू लागले की उष्णतेने रबर व धागे दोन्ही नष्ट होतात. आणखी एक लहानशी बाब : अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्याचे असत. ते उलट दिशेने सुटतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला नळी लावून जोर करतो आणि बोल्ट तोडून बसतो.

भार, आकार आणि वेग

टायर चाकावर बसला म्हणजे तो बसचा भार सोसेलच असे नाही. जुन्या टायरवर १०, १४ किंवा १६ असा ‘प्लाय रेटिंग’चा आकडा असतो. पूर्वी सुती कापडाचे तितके थर खरोखरच असत. पुढे नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढेच बळ मिळू लागले व आकडा केवळ बळाचा दर्जा सांगणारा उरला. आधुनिक टायरवर १५२/१४८ एम यासारखी खूण असते. १५२ म्हणजे एकेरी टायरला ३,५५० किलोग्रॅम, १४८ म्हणजे जोडीतील प्रत्येक टायरला ३,१५० किलोग्रॅम, आणि ‘एम’ म्हणजे ताशी १३० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढील आसाचे दोन टायर ७,१०० किलोग्रॅम व मागील आसाचे चार टायर १२,६०० किलोग्रॅम पेलतील, असा हिशेब लगेच करता येतो. ही मर्यादा टायरची होय. आसाची व स्प्रिंगची मर्यादा निराळी आणि बहुधा कमी असते.

आकार बदलल्याने वेगाचे मोजमापही बदलते. ७.५०-२० चा व्यास ९३ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे २.९२ मीटर होतो, ९.००-२० चा व्यास १०२ धरला तर ३.२० मीटर. जुन्या बसला जागा आहे म्हणून मोठा टायर चढविला, तर वेगदर्शक काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६५ हून अधिक वेगाने धावत असते. चढावर इंजिनावर ताण पडतो व उतारावर ब्रेक कमी पुरतात. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटासारख्या ठिकाणी हा फरक कागदावरचा राहत नाही.

लोखंडी रिंग

या विषयातील सर्वांत गंभीर भाग येथे येतो. वीस इंची जुन्या चाकाची रिंग ही हवेच्या दाबानेच आपल्या खाचेत घट्ट बसते. ९.००-२० टायरच्या आतील पोकळीचा व्यास सुमारे ९६ व रिमचा ५१ सेंटिमीटर धरल्यास मधल्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब असेल तर टायरच्या एका भिंतीवर सुमारे ३६ टनांचा जोर येतो. त्यातील अदमासे निम्मा, म्हणजे १८ टन, रिमच्या काठाने व रिंगने पेलावयाचा असतो. प्रवाशांनी भरलेल्या बसच्या वजनाएवढा हा जोर आहे. रिंग गंजलेली, वाकलेली, चिरलेली किंवा दुसऱ्याच बनावटीच्या रिमची असेल, तर ती एका क्षणात सुटते आणि समोर बसलेल्या माणसाला वाचण्याची संधी मिळत नाही.

जुन्या लोखंडाच्या ढिगातून एक तळ व दुसरीकडून एक रिंग आणून ‘बसते आहे’ म्हणून जोडी जमविणे हा प्रकार म्हणूनच सर्वथा वर्ज्य समजला पाहिजे. लहानसा फरक डोळ्यांना दिसत नाही. रिम व रिंग यांवर उत्पादकाची खूण आणि माप ठोकलेले असते. गंज खरवडून ते वाचावे. वाचता न आल्यास ते चाक शोभेपुरते ठेवावे.

चाक खोलताना प्रथम व्हॉल्व्हची सुई काढून सर्व हवा जाऊ द्यावी. जोडटायर असल्यास दोन्हींतील हवा काढूनच चाकाचे नट सैल करावेत, कारण आतील रिम चिरलेली असेल तर नट सुटताच ती फुटते. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे; पिंजरा नसेल तर भक्कम साखळदंडाने रिमसह जखडावे आणि रिंगची बाजू माणसांकडे करू नये. हवेची नळी लांब असावी, तिचे तोंड व्हॉल्व्हला अडकून राहणारे असावे, आणि भरणाऱ्याने बाजूला उभे राहावे. रिंग नीट बसली नाही असे दिसल्यास हातोडी उचलू नये. पुन्हा सर्व हवा काढावी. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर घाव घालणे हे पुष्कळ दुकानांत अनुभवाचे लक्षण मानले जाते. ते अनुभवाचे नव्हे, नशिबाचे लक्षण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या अनेक गाड्या नागरी वाहतुकीत आल्या. त्यांतील काहींची चाके दोन तव्यांसारखे अर्धे भाग बोल्टने जोडून केलेली होती. अशा चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एका वर्तुळाने चाक आसाला धरलेले असते, दुसऱ्याने चाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांना. हवा भरलेली असताना दुसऱ्या वर्तुळाचा एकही नट सैल करू नये. ही खूण ओळखणारी माणसे आता विरळ होत चालली आहेत.

जपणूक करणाऱ्यांसाठी

बस केवळ प्रदर्शनात उभी करावयाची असेल तर मूळ टायर राहू द्यावेत, मात्र आसांखाली ठोकळे देऊन भार त्यांवरून काढावा. बस चालवावयाची असेल तर टायरच्या बाबतीत अस्सलपणाचा हट्ट उपयोगाचा नाही. ९.००-२० व १०.००-२० हे टायर भारतात अजूनही बनतात. त्यांवर कोंदणासारख्या चौकटीत चार अंक असतात : २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी जुनाट रबर आतून तडकलेले असते. जुन्या बसचा टायर बहुधा झिजण्यापूर्वी म्हातारा होतो. चार अंकांऐवजी तीनच असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा समजावा व रस्त्यावर आणू नये.

चाकाचे माप बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाशी विचारविनिमय करणे इष्ट, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये विशेष नोंदणीची तरतूद केली. परंतु ती दुचाकी व खाजगी मोटारी यांच्यापुरती आहे, बसगाड्यांसाठी नाही. यास्तव जुन्या बसची मूळ नोंदवही, त्यातील टायरच्या मापाची नोंद आणि रिमवरील ठोकलेली अक्षरे यांची छायाचित्रे चाक हलविण्यापूर्वीच काढून ठेवावीत.